हात दाखवून अवलक्षण

५ जुलै २०२५ रोजी आमच्या वरळीत मराठी भाषेचा विजयोत्सव झाला. एन. एस. सी. आय. डोममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. कारणही तसेच होते. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचा १६ एप्रिलचा शासन-निर्णय आणि त्याला मुरड घालणारा १७ जूनचा, असे दोन्ही सरकारने २९ जूनला मागे घेतले होते. अडीच महिने सारा महाराष्ट्र एकच प्रश्न चघळीत होता: सहा वर्षांच्या पोराला तीन भाषांचे ओझे झेपेल काय? मानसशास्त्रज्ञ बोलले, शिक्षणतज्ज्ञ बोलले, कवी बोलले, आणि जे कधीच गप्प नसतात ते राजकारणी तर बोललेच. मातृभाषेवाचून मूल कसे खुरटते, हे इतक्या तळमळीने इतक्या लोकांनी सांगितलेले मी पूर्वी ऐकले नव्हते.

ह्या सगळ्या गदारोळात एका मुलाची आठवण कोणालाही झाली नाही. ज्याच्या पदरात सहाव्या वर्षी तीन नव्हे, दोन नव्हे, एकसुद्धा भाषा पडलेली नसते, ते मूल. जन्मतः बहिरे असलेले मूल. मराठी घरात ते जन्माला येते, मराठी आईच्या मांडीवर वाढते, आणि मराठीचा एक शब्दही त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोचेल अशी जी एक भाषा ह्या देशात आहे ती त्याला द्यायची नाही, असा आपला निर्धार आहे. तोही आजचा नाही, शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे.

मेळाव्याच्या निमंत्रणावर ‘आवाज मराठीचा’ असे छापले होते. मी जन्मभर छापखान्यात खिळे जुळविले. माझ्या हाताला मराठी ही आवाजाची वस्तू म्हणून कधी भेटलीच नाही. ती शिशाची वस्तू म्हणून भेटली, उलटी आणि मुकी. तरी ती मराठीच होती. आवाज हे भाषेचे एक वाहन आहे. वाहनालाच देव समजून त्याची आरती करणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला पाहिजे, म्हणून हा लेख.

आधी शब्दांचे एक भांडण मिटवून टाकतो. मी ‘बहिरा’ हाच शब्द वापरणार आहे. ‘मूकबधिर’ मला मान्य नाही. त्यातले ‘बधिर’ एक वेळ चालेल. पण ‘मूक’ हे कोणी ठरविले? ज्याला त्या माणसाचे बोलणे कळत नाही त्याने. म्हणजे अज्ञान आपले आणि नाव त्याला! ‘दिव्यांग’ हा नवा शब्द कानाला गोड आहे, आणि गोडवा कानालाच असल्यामुळे ज्याच्यासाठी तो काढला त्याला त्याचा काही उपयोग नाही.

माझा धाकटा भाऊ जन्मतः बहिरा आहे. आज त्याची पासष्टी उलटली. आम्ही वाढलो वरळीच्या बी. डी. डी. चाळीत. वडील गिरणीत साच्यावर होते. ज्यांनी साचेखाते कधी पाहिले नाही त्यांना सांगितले पाहिजे, की शेकडो साचे एकदम धडधडू लागले म्हणजे देवाने कान दिलेली आणि न दिलेली माणसे यांत काडीचा फरक उरत नाही. तिथे जॉबरला बोलवायचे ते हाताने, धागा तुटल्याचे सांगायचे ते हाताने, ‘चहाला चल’ हेही हाताने, आणि साहेबाची टिंगल करायची ती तर खास हातानेच. अशी वीस-बावीस वर्षे काढलेला विणकर संध्याकाळी घरी येई तेव्हा त्याचे हात भाषेला सरावलेले असत. बहिऱ्या मुलाचा बाप होण्याची त्यांची पूर्वतयारी गिरणीने करून घेतली होती. भावाने त्या गिरणीच्या खुणा उचलल्या, त्यांत आपल्या घातल्या, आणि पाच वर्षांचा होईपर्यंत बापलेकांत जे काही चाले ते पाहायला शेजारची माणसे दारात येऊन उभी राहत. समोरच्या चाळीत आणखी एक बहिरा मुलगा होता. हे दोघे आपापल्या खिडकीत बसून मधल्या रस्त्यावरून तासन्‌तास गप्पा मारीत. आम्हां ऐकणाऱ्यांना तेवढ्या अंतरावरून बोलायचे तर घसा फोडावा लागला असता, आणि सगळ्या वाडीला आमचे गुपित कळले असते.

मग त्याला शाळेत घातले. शाळेचे नाव सांगत नाही. त्या काळी बहुतेक सगळ्या एकाच माळेच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी वडिलांना बोलावून घेतले आणि बजावले, की घरात हातवारे बंद; खुणांची सवय लागली की मूल आळशी होते, मग ते बोलायचे नाव घेत नाही. वडिलांनी हात जोडले. जोडलेले हात घरी येईपर्यंत सुटले ते सुटलेच. ‘आठ तास मालकासाठी खुणा करतो, मग पोरासाठी का नको?’ एवढेच ते आईला म्हणाले. शाळेत मात्र नियम पक्का होता. हात पाठीमागे बांधून बसायचे. पुढे आले की त्यांवर पट्टी. ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण आपण ज्योतिषासंबंधी वापरतो. तिचा शब्दशः अर्थ मी त्या शाळेच्या दारात पाहिला.

शिकवीत काय? बोलणे. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची. ‘प’ म्हटला की ती हलली पाहिजे. बाईंच्या गळ्यावर हात ठेवायचा, मग आपल्या. ‘ग’ म्हटला की दोन्हीकडे सारखी थरथर लागली पाहिजे. ही कसरत मी थट्टेवारी नेत नाही. ती शिकवणाऱ्यांत जीव ओतणाऱ्या बाया होत्या. पण हिशेब तर मांडायला हवा? चार वर्षांत भावाला पन्नासेक शब्द ‘बोलता’ येऊ लागले, आणि ते आईखेरीज कोणालाही समजत नसत. त्याच चार वर्षांत त्याच्या वयाची चाळीतली पोरे इतिहास, भूगोल, त्रैराशिक आणि शिव्या शिकून पुढे निघून गेली. शाळेला वाटत होते आपण भाषा शिकवतो आहोत. ती शिकवीत होती उच्चार. पोपटालाही उच्चार येतात.

आणि दुसऱ्याच्या ओठांवरून बोलणे ओळखायचे म्हणाल, तर आरशासमोर उभे राहून एक प्रयोग करा. आवाज न काढता आधी ‘पार’ म्हणा, मग ‘बार’, मग ‘मार’. तिन्हींना ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. ‘भाऊ’ आणि ‘माऊ’ यांत पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. क, ग, ह हे तर घशातले व्यापारी; त्यांचा माल ओठांच्या दुकानात मांडलेलाच नसतो. जे निम्म्याहून अधिक दिसतच नाही ते ओळखून त्यातून पहिली भाषा शिकायची, अशी ही अट. ज्याला आधीच एक भाषा पक्की येते त्याला ओठ वाचताना अंदाज बांधता येतो. ज्याला कुठलीच येत नाही तो अंदाज कशाच्या आधारावर बांधणार?

पण शाळेचे एक मानले पाहिजे. वर्गात नव्हे, मधल्या सुट्टीत. संडासाच्या मागे, जिन्याखाली, जिथे बाईंची नजर पोचत नाही तिथे मोठी पोरे लहान पोरांना भाषा शिकवीत होती. ज्यांच्या शाळेला वसतिगृह होते त्यांची तर रात्रही ह्याच कामी लागे. जगभर हेच झाले आहे. दर दहांतली नऊहून अधिक बहिरी मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात. म्हणजे ही भाषा आईकडून लेकराकडे क्वचितच जाते, ती मुलाकडून मुलाकडे जाते. मिशीची रेघ न फुटलेल्या पोरांनी, मार खात खात, चोरून टिकविलेली दुसरी भाषा माझ्या तरी माहितीत नाही. निकाराग्वात तर १९७०-८० च्या दशकांत, पहिल्यांदाच एका शाळेत एकत्र आलेल्या मुलांनी भाषाशास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत नवी भाषा उभी केली. मूल भाषेवाचून राहत नाही. ती नाही मिळाली तर ते घडवते. फक्त त्याला दुसरे मूल भेटावे लागते.

हे बंदीचे खूळ आले कोठून? इटलीतल्या मिलान शहरात १८८० च्या सप्टेंबरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत खुद्द बहिरे जवळजवळ नव्हतेच. त्या परिषदेने ठराव केला, की बोलणे हे खुणांहून निर्विवाद श्रेष्ठ; शाळांत केवळ तोंडी पद्धतच चालावी. आमच्या मुंबईत १८८५ च्या सुमारास बिशप म्युरिन यांच्या पुढाकाराने देशातली बहिऱ्यांची पहिली शाळा निघाली, तेव्हा त्या ठरावाची शाई वाळायची होती. पुढे देशभर शाळा निघाल्या त्याच वाऱ्यावर. युरोपातली प्रत्येक फॅशन आपण उशिरा घेतो आणि ती तिकडे मेल्यावरही सोडत नाही, ह्याचे हे आणखी एक उदाहरण. १९६० साली अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी खुणांच्या भाषेचे व्याकरण मांडून दाखविले. २०१० साली व्हँकुव्हरला त्याच परिषदेच्या वारसांनी मिलानचे ठराव फेटाळून झाल्या अनर्थाबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी! आमच्याकडे तो खेद अजून यायचा आहे.

‘पण अहो, ती भाषा नव्हेच, नुसत्या खाणाखुणा’ असे म्हणणारे विद्वान मला वरळी नाक्यापासून विद्यापीठापर्यंत भेटले आहेत. त्यांच्यासाठी थोडे व्याकरण. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नार्थक खूण वाक्याच्या शेवटी येते. ‘तुझे नाव काय?’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यात परके वाटू नये. ‘कोण’, ‘कुठे’, ‘किती’ यांना वेगवेगळे शब्द लागत नाहीत. प्रश्नाची एकच खूण. तिच्याआधी चेहऱ्याची खूण केली की ‘कोण’, जागेची केली की ‘कुठे’, संख्येची केली की ‘किती’. ही काटकसर पाणिनीलाही आवडली असती. ‘हो की नाही’ असा प्रश्न असेल तर तो भुवयांत असतो, हातांत नव्हे. म्हणून केवळ हात पाहणारा अर्धेच वाक्य वाचतो. उल्रिके झेशान या जर्मन विदुषीने ह्या भाषेवर २००० साली ग्रंथ लिहिला. त्याआधी १९७० च्या दशकात मदन वशिष्ठ या स्वतः बहिऱ्या असलेल्या भारतीय अभ्यासकाने दोन अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर दिल्ली, कलकत्ता, बंगलोर आणि आमची मुंबई येथल्या खुणा गोळा केल्या, आणि व्याकरण बव्हंशी एकच आहे, शब्द थोडेफार बदलतात, असे दाखवून दिले. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात; ही दिल्लीहून मुंबईपर्यंत आली तरी ओळख विसरली नाही. तिला शाळेत जागा नाही, आकाशवाणीवर ती जाऊच शकत नाही, तरी ती देशभर चालते. राष्ट्रभाषेसाठी भांडणाऱ्यांनी थोडा विचार करावा.

आता वरळीतच उभे राहून एक तुलना करतो. समुद्रकाठच्या रस्त्यावर, वरळी सी फेसला, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ह्या संस्थेची इमारत आहे. संस्था १९५२ सालची. तिच्या आदल्याच वर्षी, १९५१ त, साऱ्या भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरले होते. तेव्हापासून आंधळ्या मुलाच्या बोटांखाली पुस्तक ठेवायचे हे देशाने मान्य केले. कोणी मास्तराने आंधळ्या मुलाला असे सांगितल्याचे ऐकिवात नाही, की बोटांनी वाचशील तर डोळे आळशी होतील, सबब बोटे पाठीमागे बांध आणि डोळ्यांनी वाचायचा प्रयत्न कर. आंधळ्याची बोटे ही त्याची विद्या झाली. बहिऱ्याची बोटे हा त्याचा गुन्हा ठरला.

त्याच समुद्राकडे पाहत उत्तरेला मान वळवा. २००९ साली बांधलेल्या सागरी सेतूचे एक टोक इथे, दुसरे बांद्रा रेक्लमेशनला. आणि तिथे १९८३ पासून केंद्र सरकारची एक मोठी संस्था आहे, महाराष्ट्राचे एके काळचे राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची. आधी नावात ‘श्रवण-विकलांग’ होते, आता ‘वाक् आणि श्रवण’ आहे. नावे दोन झाली. ‘भाषा’ हा शब्द दोन्हींत नाही. २००१ साली तिथे सांकेतिक भाषेचा एक कक्ष निघाला, दुभाष्ये तयार होऊ लागले, हे नमूद केलेच पाहिजे. पण कानाच्या घरात भाषेला दिलेली ती एक खोली होती.

ह्या खोलीवरूनच पुढे लढाई झाली, आणि ती महाराष्ट्रात कितीजणांना ठाऊक आहे कोण जाणे. सांकेतिक भाषेचे संशोधन आणि प्रशिक्षण करणारे स्वतंत्र केंद्र व्हावे अशी मागणी मान्य होऊन २०११ साली ते दिल्लीच्या इग्नू विद्यापीठात सुरू झाले. २०१३ साली बंद पडले. मग सरकारने तोडगा काढला, की ते केंद्र अली यावर जंग संस्थेच्या दिल्लीतल्या शाखेत विलीन करावे. दिसायला किती सोयीचे! पैसा वाचतो, इमारत वाचते. बहिरे रस्त्यावर उतरले. म्हणाले, जी संस्था आमच्याकडे बिघडलेला कान म्हणून पाहते तिच्या पोटात आमची भाषा जगणार नाही. २२ सप्टेंबर २०१५ रोजी मंत्रिमंडळाने स्वतंत्र संस्था मंजूर केली. त्या संस्थेने २०१८ साली तीन हजार शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर नेला. जिला लोक खाणाखुणा म्हणत होते तिचे हे भांडवल! आणि ते कोणाच्या दयेने जमले नाही, विलीन व्हायला नकार दिल्याने जमले. १९५६ साली ‘मराठा’ काढून आचार्य अत्रे मुंबईसाठी लढले त्या वेळी विलीनीकरण, द्वैभाषिक, सोय, काटकसर हे सगळे शब्द आमच्याही तोंडावर फेकले गेले होते. तेव्हा त्यांचा अर्थ आम्हांला बरोबर कळला होता.

मराठी व्याकरणात चतुर्थी आणि षष्ठी अशा दोन विभक्ती आहेत. चतुर्थीचा सारा व्यवहार दानाचा. व्याकरणकारांनी तिला संप्रदानच म्हटले. षष्ठी हक्काची, संबंधाची. बहिऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आपल्याकडे उदंड आहेत. बहिऱ्यांच्या संस्था वेगळ्या. ऑल इंडिया फेडरेशन ऑफ द डेफ ही १९५५ सालची, दिल्लीची; नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ ही २००५ सालची, तीही दिल्लीचीच. ‘साठी’वाल्यांनी शिलाई यंत्रे वाटली, फराळ वाटला, कानयंत्रांसोबत फोटो काढले. ‘च्या’वाल्यांनी काय केले? असोसिएशन दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली आणि बहिऱ्याला गाडी चालवण्याचा परवाना का नाही, असे विचारले. २०११ साली न्यायालयाने परवान्याचे दार उघडले. भोंगा ऐकू येत नाही म्हणून परवाना नाही, असा आजवरचा न्याय. मुंबईत भोंगा ऐकून कोणी बाजूला झालेला मला दाखवा! २०२३ च्या सप्टेंबरात सारा सनी या बहिऱ्या वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने हातांनी काम चालविले. देशाच्या सरन्यायाधीशापुढे जे हात चालतात, ते पहिलीच्या वर्गात चालायला हरकत कोणाची?

मुंबईच्या बहिऱ्यांना सभागृह कोणी दिले नाही म्हणून त्यांनी ते शोधून काढले. लोकलमधला अपंगांचा डबा. भाऊ नोकरीत होता तोवर संध्याकाळची ठरलेली गाडी सोडून आधीच्या गाडीने कधी घरी आला नाही. त्या डब्यात कोणाला नोकरी लागली, कोणाचे लग्न ठरते आहे, कोणत्या कचेरीत कोणता कागद लागतो, सगळे कळे. प्रत्येक स्टेशनवर एक-दोन चढत, एक-दोन उतरत, आणि उतरलेला फलाटावरून, गाडी सुटल्यावरही, आपले वाक्य पुरे करी. आपण ऐकणारे खिडकीतून ओरडतो आणि अर्धे हरवते. बेल्जियमच्या अनेलीस कुस्टर्स या बहिऱ्या विदुषीने ह्या डब्यावर २००९ साली निबंध लिहिला, आणि मुंबईचे बहिरे भाजीवाल्याशी, चहावाल्याशी, कंडक्टरशी कसे निभावून नेतात यावर २०१५ साली ‘इशारे’ नावाचा चित्रपट काढला. आमच्या गल्लीतले पाहायला माणूस बेल्जियमहून यावा लागला. तसे वरळीतच दूरदर्शनचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ पासून आहे. त्याच्या मनोऱ्याच्या सावलीत वाढलेल्या माझ्या भावाला त्या पेटीतून कोणी त्याच्या भाषेत बातम्या दिल्या त्या १९८७ साली, दिल्लीहून, आठवड्यातून एकदा.

आता कायदा. २०१६ चा अपंग-हक्क कायदा चांगला आहे. बहिऱ्याला त्याला योग्य अशा भाषेतून शिकवावे, सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमावेत, असे तो कलम १६ व १७ मध्ये सांगतो. पण त्याच कलम १७ मध्ये एक सवलतही आहे: अपंग विद्यार्थ्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट. शाळांनी ह्या दोहोंतले काय उचलले, हे सांगायला ज्योतिषी नको. शिक्षक नेमायला पैसे पडतात, सूट फुकट असते. ज्याचे दुखणेच भाषा न मिळणे हे आहे, त्याला आपण भाषेतून सूट देतो! उपाशी माणसाला जेवणातून माफी द्यावी, तशी. २०२० च्या शिक्षण धोरणाने भारतीय सांकेतिक भाषेचे नाव घेतले, २०२१ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने ती माध्यमिक पातळीवर भाषा-विषय म्हणून आणली. म्हणजे दिल्लीने कागद केला. मुंबईने काय केले? अभिजात दर्जाचे पेढे ३ ऑक्टोबर २०२४ ला वाटले गेले, ते मीही खाल्ले. पण मराठीवर प्रेम करणाऱ्या राज्याने बहिऱ्या मुलाला सांकेतिक भाषेतून मराठी वाचायला-लिहायला शिकवण्याची जबाबदारी अंगावर घ्यायला काय हरकत आहे? मी खिळे जुळविणारा माणूस सांगतो, लिहिलेल्या मराठीला कान लागत नाहीत. आधी हातांची भाषा, मग तिच्यावरून कागदाची मराठी, हा सरळ रस्ता आहे. ओठांवरून मराठीकडे जाणारा घाट आपण त्याला का चढायला लावतो?

एक आक्षेप उरतो, आणि तो आजच्या आईबापांचा असल्यामुळे मी त्याला हसणार नाही. ‘आता कानात बसवायचे यंत्र निघाले आहे; सरकार पैसे देते; खुणांचे काय काम?’ खरे आहे. २०१४ पासून केंद्राच्या योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी एका मुलामागे सहा लाख रुपयांपर्यंत मदत ठरली. मी त्या यंत्राच्या विरुद्ध नाही. ज्याला लाभले त्याला लाभो. पण शस्त्रक्रियेची पाळी येईपर्यंत मूल दोन-तीन वर्षांचे होते, पुढे शिकवणीला वर्षे लागतात, आणि सगळ्यांना ते सारखे लाभत नाही. रात्री बाहेरचा भाग उशाशी काढून ठेवला की मूल पुन्हा बहिरे होते. एवढ्या काळात मेंदू थांबून राहतो काय? भाषा रुजण्याची वर्षे पाच-सहा. ती कोणासाठी थांबत नाहीत. त्या वर्षांत आईने हातांनी बोलावे, त्याला सहा लाख लागत नाहीत. एक बहिरी बाई शिक्षिका म्हणून आठवड्यातून दोनदा घरी येईल, तेवढा पगार लागतो. सहा लाखांत अशी किती वर्षे येतील, हे त्रैराशिक मी वाचकांवर सोडतो. खुणा शिकलेल्या मुलाला यंत्र लावले तर त्याचे काही जात नाही. यंत्राच्या भरवशावर ठेवलेल्या मुलाला यंत्र लाभले नाही, तर सगळेच जाते.

२०११ च्या जनगणनेने देशात ५० लाख ७१ हजार माणसे ऐकण्यात अपंग म्हणून मोजली. कान मोजले, भाषा मोजली नाही. २००१ आणि २०११ च्या जनगणनेत मातृभाषेची व्याख्या करताना प्रगणकाला सूचना होती, की तान्ही मुले आणि मूकबधिर यांच्याबाबत त्यांची आई जी भाषा बोलते तीच लिहावी. तान्ही मुले आणि मूकबधिर! माझा भाऊ २०११ साली पन्नाशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप, पगारदार माणूस. सरकारच्या लेखी तो भाषेपुरता पाळण्यात होता. त्याच्यापुढे मराठी लिहिले गेले. त्याची बायकोही बहिरी, तिची आई गुजराती; तिच्यापुढे गुजराती. त्या घरात नवराबायको चाळीस वर्षे ज्या भाषेत भांडतात आणि ज्या भाषेत भांडण मिटवतात, ती जनगणनेच्या मते अस्तित्वातच नाही. आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत, तेविसावीचा अर्ज करायचा तर आधी बोलणारे किती ते विचारतात, आणि बोलणाऱ्यांची नोंद अशी पुसलेली. दक्षिण आफ्रिकेने २०२३ साली आपली सांकेतिक भाषा देशाची बारावी अधिकृत भाषा केली. आपल्याला इतके नको. निदान रकाना द्या.

२०२७ च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली. तिच्या सूचनांतून ते तान्ह्या मुलांचे वाक्य गेले पाहिजे, आणि ते जावे म्हणून महाराष्ट्रातल्या भाषाप्रेमी संस्थांनी, साहित्य परिषदांनी, डोम भरून टाकणाऱ्या पक्षांनी दिल्लीला एकेक पत्र लिहावे. खर्च एका तिकिटाचा. बहिऱ्यांच्या संघटना लिहितीलच. आमच्या घरापुरते ठरले आहे. प्रगणक दारात आला की पुढे भाऊ होणार आणि मातृभाषेच्या प्रश्नाचे उत्तर तो देणार, हाताने. आईचे नाव मध्ये आणायचे नाही, असे त्याने मला बजावले आहे. प्रगणकाला कळले नाही तर मी घरातच असतो. त्याने दुभाष्या मागावा.